हजारावे ताट

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, की ताटे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या कामगारांना वाढपी दिसतो, क्वचित आचारीही दिसतो. परंतु आजच्या उसळीत तिखट किती असावे आणि ती आचेवरून केव्हा उतरावी, याचा निर्णय ज्याने कित्येक दिवस आधी केलेला असतो, तो पाकतज्ज्ञ त्यांच्या दृष्टीस कधी पडत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ४६ व्या कलमाने, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर उपाहारगृहाचे बंधन घालण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला, आणि पुष्कळ कारखान्यांत हे काम मक्त्याने देण्याचा शिरस्ता पडला. अशा मक्तेदार संस्थांसाठी नवे पदार्थ सिद्ध करणाऱ्या या तज्ज्ञास ‘डेव्हलपमेंट शेफ’ म्हणतात.

त्याच्या विद्येचे मर्म जाणण्यास साधी मटकीची उसळ पुरे. चार माणसांची उसळ उत्तम साधली म्हणून प्रत्येक जिन्नस अडीचशे पटींनी वाढवला, तर हजार माणसांची उसळ न होता पाणचट रस्सा होतो. कारण थोरल्या पातेल्यात ऐवजाच्या मानाने पृष्ठभाग थोडा असतो आणि पाणी त्या प्रमाणात आटत नाही. कांद्याची रास कढईत एकदम पडली, की तेल निवते आणि कांदा परतला जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजू लागतो. म्हणून तो लहान लहान घाण्यांनी परतावा लागतो. शेगडी विझल्यावरही एवढ्या राशीतील उष्णता लवकर ओसरत नाही. म्हणून मटकी दाताखाली किंचित लागत असतानाच आच बंद करावयाची, एरवी पंगत बसेपर्यंत तिचा लगदा होतो. प्रथम पाच, मग पन्नास, मग पाचशे ताटांचे प्रयोग करून ही कृती वजनामापांसह कागदावर उतरते, आणि त्या कागदाबरहुकूम कोणत्याही पाळीतील आचाऱ्याच्या हातून तीच चव उतरावी लागते.

जमाखर्चाची नजरही त्याला तितकीच हवी, कारण ताटामागे दहा ग्रॅम तेल अधिक पडले तर हजार ताटांमागे दररोज दहा किलो तेल जाते. आरोग्याचा भार तर याहून मोठा: भातातील बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकून राहतात आणि अन्न कोमट राहिल्यास वाढू लागतात, म्हणून ताटात वाढेपर्यंत अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर राखण्याची तजवीज कृतीतच करावी लागते.

या कलेची परीक्षा चुलीपाशी घेतलेल्या पहिल्या घासात होत नाही; ती रांगेतील शेवटच्या माणसाच्या ताटात होते. म्हणून मक्ता देणाऱ्या व्यवस्थापकांना विनंती एवढीच, की दरपत्रकावर सही करण्यापूर्वी त्यांनी एकदा त्या रांगेच्या शेवटी उभे राहावे आणि हजारावे ताट स्वतः जेवावे.