बाळंतिणीचा पोटपट्टा : एका रीतीचा मागोवा

बाळंतिणीच्या पोटाभोवती सुती कापड घट्ट बांधण्याच्या रीतीचा जुना आणि स्पष्ट लेखी उल्लेख चरकसंहितेच्या शारीरस्थानात आढळतो. आठव्या अध्यायातला क्रम असा : प्रसूत स्त्रीला भूक लागली की पचेल इतके तूप किंवा तेल पिंपळी, चवक, चित्रक, सुंठ यांच्या चूर्णाबरोबर पाजावे, मग तिला तूप-तेल चोळून मोठ्या, स्वच्छ वस्त्राने पोट वेढावे. कारणही तिथेच दिले आहे. गर्भ बाहेर पडल्यावर पोटात पोकळी उरते, त्या पोकळीत वायू शिरून बिघाड करतो. वस्त्राने पोट आवळले की त्याला जागा मिळत नाही. हा उपचार पाच किंवा सात दिवस करायचा. सुश्रुताने सूतिकावस्थेची मुदत दीड महिना धरली आणि पाळी पुन्हा येईपर्यंत ती चालते, असे काहींचे मत असल्याचेही नोंदवले. मराठी घरांतला सव्वा महिना या मुदतीच्या जवळच येतो. तो ग्रंथांतून घरात आला की घरातून ग्रंथांत गेला, याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. बाळंतपण सुईणींच्या हाती आणि लेखणी वैद्यांच्या हाती, ही वाटणी जुनीच आहे.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील मराठी घरांत या रीतीला ठरावीक रूप आलेले होते. पहिले बाळंतपण माहेरी. खोली आडबाजूची, अंधारी, वारा न लागणारी. सकाळी तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाने मालीश, मग कढत पाण्याने अंघोळ, मग शेक. सुतळीने विणलेल्या बाजेखाली शेगडी सरकवायची आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. अंग कोरडे आणि ऊबदार झाले की पोट बांधण्याची वेळ येई. कापड नवे नसेच. वापरून मऊ झालेले नऊवारी लुगडे किंवा धोतर लांबीत घडी घालून पट्टीसारखे करत. बाळंतिणीने उताणे निजून गुडघे उभे करायचे. बांधणारीने ओटीपोटापासून सुरुवात करून एकावर एक वेढे घेत बरगड्यांच्या खालपर्यंत यायचे आणि गाठ बाजूला मारायची, म्हणजे कुशीवर वळताना ती रुतत नाही. खालचा वेढा आवळ, वरचा सैल, हे सगळ्या कामातले मर्म होते. उलटे केले तर भार खाली ओटीपोटावर येतो, हे अनुभवी बायांना ठाऊक असे. जेवणाआधी पट्टा सैल करायचा, रात्री पुन्हा नीट करायचा. डोक्याला फडके आणि कानांत कापसाचे बोळे हे त्याच तर्काचे पुढचे टोक होते : शरीर उघडे पडले आहे, ते सगळीकडून बंद करायचे.

बाळाचेही तेच. आईच्या जुन्या लुगड्यातून बाळोती निघत, त्याच लुगड्यांचे थर घालून दुपटी शिवली जात. मूल दुपट्यात हातपाय सरळ करून गुंडाळायचे आणि डोक्यावर कुंची किंवा टोपडे चढवायचे. मुलीला सासरी जाताना द्यायच्या बाळंतविड्यात ही सारी वस्त्रे असत. दिवसांची मोजणीही पक्की होती. पाचव्या दिवशी पाचवी, म्हणजे सटवीची पूजा. मुलाच्या कपाळी ती नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडायची. दहा दिवस सोयर, बाराव्या दिवशी बारसे, सव्वा महिना पुरा झाला की देवदर्शन. पट्टा रोज बांधला आणि सोडला जाई, पण त्याची खरी मुदत या दिवसांनी ठरे. तो सुटला की बाई पुन्हा चुलीजवळ आणि घरकामात.

या चित्राला एक मर्यादा आहे, आणि जुन्या बाळंतपणाचे कौतुक करणारे लेखन ती सहसा विसरते. सव्वा महिना निजून राहणे ही खाऊनपिऊन सुखी घरांची चैन होती. शेतमजूर, कोळीण, गिरणी कामगार बाई काही दिवसांतच कामाला जुंपली जाई. तिच्या कमरेचे फडके विश्रांतीसाठी बांधलेले नसून उभे राहता यावे म्हणून आवळलेले असे. दुसरीकडे, घरंदाज बाळंतिणीला सोयरात शिवणारी सुईण बहुधा गावातल्या दलित किंवा न्हावी समाजातली. दहा दिवस तिच्या हाताशिवाय काहीच हलत नसे आणि अकराव्या दिवसापासून ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. मोबदला धान्य आणि लुगडे-चोळीच्या रूपाने मिळे.

आधुनिक वैद्यकाने या खोलीत पाऊल टाकले ते १८८०च्या दशकात. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून डफरिन निधी १८८५ मध्ये स्थापन झाला. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले आपले मूल दहा दिवसांत गमावलेल्या बाईने हा विषय निवडावा, यात नवल नाही. पुढच्या काळात सुईणींच्या अस्वच्छ हातांवर, कोंदट खोलीवर आणि धुरावर कठोर टीका झाली. अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांच्या १९२७ च्या पुस्तकाने ती हिणवण्याच्या सुरात जगभर नेली आणि भारतात संतापाची लाट उठली. टीकेतला बराच भाग खरा होता : न उकळलेल्या हत्यारांनी नाळ कापल्यामुळे धनुर्वात होई, हात न धुतल्याने सूतिकाज्वर, आणि बंद खोलीतल्या धुराने आई-बाळ दोघेही घुसमटत.

पोट बांधण्यावर मात्र नव्या डॉक्टरांनी फारसा हल्ला केला नाही, कारण ती रीत त्यांच्याकडेही होती. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या प्रसूतिगृहांत एकोणिसाव्या शतकात जाड कापडाचा पट्टा पिनांनी आवळून बांधणे हा परिचारिकेच्या शिक्षणाचा भाग होता. सतराव्या शतकातील जर्मन शल्यचिकित्सक स्कुल्टेटस यांच्या नावाने ओळखला जाणारा अनेक शेपट्यांचा पट्टाही त्यातलाच. गर्भाशय खाली दाबून ठेवला तर रक्तस्राव आटोक्यात राहतो, असे त्यामागचे कारण सांगितले जाई. चरकाचा वायू गेला आणि त्याच्या जागी गर्भाशय आला. कापड होते तिथेच राहिले. विसाव्या शतकात पाश्चात्त्य डॉक्टरांना या कारणाविषयी शंका येऊ लागल्या. १९४०च्या दशकात बाळंतिणीला आठवडाभर न निजवता लवकर उठवून चालवावे, हा विचार रुजला आणि तिकडच्या रुग्णालयांतून पट्टा हळूहळू हद्दपार झाला. मराठी घरांत तो टिकला, कारण इथे तो डॉक्टरांच्या भरवशावर कधी उभाच नव्हता.

त्याचे रूप बदलायला वेगळ्याच गोष्टी कारण ठरल्या. नऊवारी मागे पडून पाचवारी आणि परकर आला. कासोटा घालून नेसलेल्या लुगड्यात कंबर आणि ओटीपोट रोजच्या रोज आवळलेले राही. ते नेसणे सुटल्यावर बाळंतपणाचा पट्टा ही वेगळी वस्तू झाली. घरात मऊ, लांब कापड मिळणेही कमी झाले. काढ्यांचेही तसेच झाले : घरी उकळण्याऐवजी क्रमांक १, २, ३ अशा बाटल्यांत बाळंतकाढा औषधाच्या दुकानातून येऊ लागला. अळीव आणि डिंकाचे लाडू तेवढे घरचे राहिले.

मोठा बदल रुग्णालयांनी घडवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे याच काळात सुमारे १२ वरून २५ टक्क्यांवर पोहोचली. टाक्यांच्या पोटावर लुगड्याचे वेढे सोयीचे नव्हते. त्यांची जागा इलॅस्टिक आणि चिकटपट्टीच्या पट्ट्याने घेतली. बांधायला दुसरे माणूस लागत नाही, ही त्याची सोय; आणि रोज सकाळी दुसऱ्या बाईचा हात अंगावर फिरत नाही, हे त्याचे उणेपण. विक्रीची भाषाही बदलली. जाहिरातीत वायू नाही, गर्भाशय नाही. पोट सपाट होईल, असे वचन आहे.

हे वचन पुराव्याला टिकत नाही. बाळंतपणानंतर लगेच सुमारे एक किलो वजनाचा असलेला गर्भाशय सहा आठवड्यांत सत्तर ग्रॅमच्या आसपास येतो, तो स्वतःच्या स्नायूंच्या आकुंचनाने. अंगावर पाजल्याने त्याला मदत होते, पट्ट्याने नाही. पोटाच्या सरळ स्नायूंमध्ये पडलेली फट भरून येण्यासाठी हळूहळू वाढवत न्यायचा व्यायामच उपयोगी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र पट्ट्याने दुखणे कमी होऊन उठणे-चालणे सोपे होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. कंबरेला आधार मिळाल्याने बरे वाटते, हेही अनेक बायका सांगतात आणि त्यात खोटे काही नाही. धोका अति आवळण्याचा. दाब खाली जाऊन ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर ताण येतो, श्वास अडतो, टाक्यांभोवती घाम साचतो. म्हणून जेवताना आणि झोपताना पट्टा काढावा, जखम ओली असेल तर डॉक्टरांना विचारूनच बांधावा, असा सल्ला दिला जातो. जेवणाआधी सैल करण्याची जुन्या बायांची रीत यापासून फार दूर नाही.

विश्रांतीचा इतिहास कायद्यातही उमटला आहे. मुंबई विधान परिषदेत १९२८ मध्ये गिरणी कामगार बायकांसाठी प्रसूतिलाभाचे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत बाईला कामावर ठेवण्यास बंदी केली. ही मुदत सुश्रुताच्या दीड महिन्याच्या जवळपास भरते. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ऊसतोड, वीटभट्टी आणि घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत यातले फारसे काही पोहोचलेले नाही. शहरात उलट मालीश-शेक-पट्टा असा एकत्रित दर लावून चाळीस दिवस येणाऱ्या बाया मिळतात, आणि मुलीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आईच्या सामानात अळीव, डिंक आणि बाळंतशेपांबरोबर जुन्या सुती साडीची घडीही असते.