दुखणे गुडघ्याचे, उपचार डोक्यावर
गुडघा झिजला तरी वेदना जाणवते ती मेंदूत. दुखणे वर्षानुवर्षे टिकले की वेदनेच्या वाटा अतिसंवेदनशील होतात आणि जिना चढतानाची साधी कळही असह्य वाटते. म्हणूनच मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाहिला जातो. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर, डोक्याला ओलसर स्पंजचा इलेक्ट्रोड लावतात. दुसरा सहसा कपाळावर असतो. साधारण २० मिनिटे १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. चिरफाड नाही, भूल नाही. थोड्या मुंग्या किंवा खाज येते. काही लहान चाचण्यांत वेदना कमी झाली, पण झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर ताबा मात्र कोणीही सोडू नये.