सात सुतांचा उतार

"तंबोरा मागे गेलाय," असं सौ. पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "वय झालं आपलं," एवढंच बोललो. ती गप्प बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या गप्प बसण्याचे बरेच प्रकार मला ओळखता येऊ लागले आहेत. हा त्यांतला बरा प्रकार नव्हता.

गोष्ट आमच्या मुळशीतल्या घरची. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्यातला फ्लॅट मुलाच्या ताब्यात देऊन आम्ही पौडच्या पुढे बांधलेल्या लहानशा घरात राहायला आलो. येताना जे मोजकं सामान आणलं, त्यात जमिनीवर उभे राहणारे लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर होते. १९९५ साली वेतनकराराची थकबाकी हातात पडली, तेव्हा सहकाऱ्यांपैकी कुणी स्कूटर घेतली, कुणी सोनं. आम्ही हे स्पीकर घेतले. सौ. लग्नाआधी गाणं शिकलेली. रविवारी सकाळी गादी घालायची, भिंतीला तक्के लावायचे आणि कॅसेट लावून दोघांनी ऐकत बसायचं, हा आमचा कुळाचार. रमणबागेत 'सवाई' व्हायचा तेव्हाही आमचं तिकीट भारतीय बैठकीचंच असे. खुर्चीत बसून गाणं ऐकणं म्हणजे उभ्यानं जेवणं, असं तिचं ठाम मत.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. जमिनीवर बसणं कायमचं बंद. गादी गुंडाळून माळ्यावर गेली आणि तिच्या जागी दोन खुर्च्या आल्या. तंबोऱ्याची तक्रार सुरू झाली ती त्यानंतर. मी काय केलं? बँकेच्या सवयीप्रमाणे पुरावा मागवला. पुण्याला जाऊन दोघांचेही कान तपासून घेतले. वयोमानानं अगदी वरचे सूर थोडे कमी ऐकू येतात, बाकी ठीक, असा अहवाल आला. "हे बघ," म्हणून मी तो तिच्यापुढे धरला. ती काही बोलली नाही, पण पुढच्या रविवारपासून गाण्याच्या वेळी तिला स्वयंपाकघरात कामं निघू लागली. मी एकटाच ऐकत बसू लागलो.

मग जुलैतली एक सकाळ. बाहेर मुळशीचा पाऊस, आत भैरव. माझी रक्तदाबाची गोळी हातातून निसटून खुर्चीखाली गेली. ती शोधायला म्हणून मी फरशीवर बसलो आणि तंबोरा एकदम उघडला. तारेच्या मागे उमटणारी ती सोनेरी झणझण, तबल्याच्या चाटीची धार, सगळं जागच्या जागी. उठून उभा राहिलो, मंद झालं. बसलो, परत आलं. चारपाच उठाबशा काढल्या असतील. वळून पाहिलं तर सौ. दारात उभी.

"मी हेच सांगत होते," ती म्हणाली.

त्या दुपारी कपाटातून स्पीकरची माहितीपुस्तिका काढली. तीस वर्षं जपून ठेवलेली आणि एकदाही न वाचलेली! सही करण्यापूर्वी सगळं वाचा, असं ग्राहकांना बजावण्यात माझी हयात गेली. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की ऐकणाऱ्याचा कान ट्वीटरच्या उंचीला असावा. आमचा ट्वीटर जमिनीपासून २८ इंचांवर. गादीवर बसलं की कानही जवळपास तिथंच. खुर्चीत बसल्यावर मात्र कान ४० इंचांवर जातो.

१२ इंचांनी एवढं काय बिघडतं, असं वाटेल. पण पेटीत गाणारे दोघे असतात. मोठा वूफर खालचे सूर गातो, लहान ट्वीटर वरचे, आणि मधल्या थोड्या भागात दोघं मिळून गातात. आमच्या पेटीत हा भाग सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांच्या आसपास आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा या सुराची एक लाट जेमतेम साडेचार इंचांची. कान वर गेला की तो ट्वीटरच्या मानाने वूफरपासून जास्त दूर पडतो. आमच्या खोलीत हा फरक जवळजवळ एक इंच भरला, म्हणजे लाटेचा पाचवा हिस्सा. जोडीनं पोचायच्या त्या लाटा मागेपुढे पोचतात आणि थोड्या एकमेकींना खातात. तंबोऱ्याची झणझण आणि तबल्याची धार नेमकी याच टापूत बरीचशी असते. कानांच्या अहवालात हे कुठून येणार?

स्पीकर बनवणाऱ्यांना ही अडचण जुनीच आहे. दोघांचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचावा यासाठी १९७०च्या दशकात अनेकांनी खटपटी केल्या. अमेरिकेत एड लाँग यांनी १९७६च्या सुमारास 'टाइम अलाइन' हा शब्दच रूढ केला. कुणी पेटीचा दर्शनी भाग मागे झुकता ठेवला, कुणी पायऱ्यापायऱ्यांचा केला. ब्रिटनच्या केफ कंपनीच्या १०५ या स्पीकरचं डोकं ऐकणाऱ्याकडे वळवता येई. आमच्या साध्या पेटीला मात्र एकच उपाय होता : खाली उताराची बैठक द्यायची, म्हणजे ती किंचित मागे रेलून वर आमच्याकडे पाहील.

हिशेब मला आवडतो. बैठक पुढून ४ इंच उंच धरली की १२ इंचांतले ४ तिथंच वळते होतात, उरतात ८. खुर्ची स्पीकरपासून ९ फुटांवर, म्हणजे १०८ इंच. १०८ इंचांना ८ इंच चढ, तर पेटीच्या १२ इंच खोलीला किती? त्रैराशिक मांडलं : पाऊण इंचाहून अधिक, इंचाला थोडं कमी.

लाकूड कापण्याआधी प्रयोग केला. पेट्यांखाली विटा आणि पुढच्या कडेखाली माझ्या एका कादंबरीच्या शिल्लक प्रती. त्या कादंबरीनं कुणाला तरी वर उचललं, असं पहिल्यांदाच घडलं. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी आधी असंच रद्दी किंवा पुस्तकं घालून एखादा ओळखीचा राग ऐकावा. खर्च शून्य.

मग सुतारमामांना बोलावलं. पौड भागातल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची. मी "सव्वाचार अंश" म्हणताच त्यांनी हात वर केला.

"सायेब, डिगऱ्या नका सांगू. सूत सांगा."

आठ सुतांचा एक इंच. माझं त्रैराशिक बरोबर सात सुतांवर आलं.

"जन्मभर वाकडं हाय ते सरळ करत आलो," मामा गुण्या खाली ठेवत म्हणाले, "आन तुमी सरळ असलेलं वाकडं करा म्हंता."

"वाकडं नाही मामा, उतार."

"मंग तसं म्हना की!" ताम्हिणीच्या या बाजूला उतार कुणाला समजवावा लागत नाही. इथं छपराला, ओट्याला, खिडकीच्या कठड्याला, सगळ्याला पाण्यासाठी उतार द्यावाच लागतो.

लाकूड कोणतं, यावर चर्चा झाली. एमडीएफ म्हणजे दाबलेला भुसाच. इथल्या चार महिन्यांच्या दमटपणात तो फुगतो आणि सात सुतांचे दहा होतात. जलरोधक प्लाय चालला असता. पण आमच्या जुन्या घराच्या दाराची सागवानी चौकट पडवीत पडून होती. मुरलेलं लाकूड, आता हलायचं नाव घेणार नाही. मामांनी त्यातूनच पुढचा तुकडा ४ इंचांचा, मागचा ३ इंच १ सुताचा आणि बाजूचे दोन उतरते काढले आणि वरची कड रंध्यानं मिळवून घेतली. पेटी घसरू नये म्हणून मागे एक पट्टी ठोकली. मागे रेललेल्या पेटीचा तोल सव्वा इंच मागे सरकतो, म्हणून बैठक मागच्या बाजूला दोन इंच लांब ठेवली. सुट्टीत नातवंडं येतात आणि धरायला त्यांना पहिल्यांदा स्पीकरच सापडतो.

काम चालू असताना सौ. काठी टेकत बाहेर आली. रंध्याखाली उतरणारी कड पाहत म्हणाली, "ही तर जवारी झाली."

तिचं बरोबर होतं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथाही सपाट नसतो. त्याला इतका नाजूक उतार असतो की तार त्याला टेकत-सुटत कंप पावते आणि सूर झणझणतो. तारेनं तो उतार झिजला की तंबोरा मुका होतो, मग मिरजेच्या कारागिराकडे न्यायचा. तिथं ही विद्या एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तो कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. तंबोरा मुका झाला म्हणून ऐकणाऱ्याचं वय तो विचारत नाही.

हे शेवटचं वाक्य तिचं नाही, माझं. तिनं ते म्हटलं नाही, हा तिचा मोठेपणा.

बैठका लागल्या. रोख बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. स्पीकरच्या दर्शनी भागावर, ट्वीटरपाशी, लहान आरसा सपाट धरायचा. खुर्चीत बसणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसला की पेटी त्याच्याकडेच पाहते आहे. मामांनी दाढीचा आरसा धरला. सौ. खुर्चीत बसली.

"दिसतं का काय, वैनी?"

"छत दिसतंय... आता केस... हां, थांबा. आता मी दिसते."

मामांनी तिथंच खूण केली. फरक फार मोठा पडला म्हणणार नाही. पाहुण्यांना तो सांगूनही कळत नाही. पण रविवारी सकाळी दुसरी खुर्ची आता रिकामी नसते. परवा गाणं चालू असताना ती म्हणाली, "खालचा षड्ज जरा जड वाटतोय." मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि उठून पेटी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली.