प्रबंध वेगळा, प्रस्ताव वेगळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव परिसरातल्या कुपोषणावर पीएच.डी. करणारा संशोधक झालेल्या गोष्टींचा अर्थ लावतो. त्याच विषयावर निधी मागायचा, तर प्रस्तावात पुढच्या वर्षी कोणत्या पाड्यावर कोण, काय आणि किती पैशांत करणार, हे सांगावं लागतं.

या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के आहेत. २०१८मध्ये केंद्राने जिल्ह्याचा समावेश विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केला. प्रबंधात ही माहिती पार्श्वभूमीच्या प्रकरणात जाते. प्रस्तावात ती गरजेचा पुरावा म्हणून पहिल्याच पानावर हवी.

वाचकही बदलतो. प्रबंध त्या विषयाचे जाणकार तपासतात. प्रस्ताव कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समितीपुढे जातो, आणि समितीतल्या कुणी धडगावचा सातपुडा डोंगर पाहिलेलाच नसेल. तिथे परिभाषा चालत नाही. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हे काम कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसावं लागतं. कुपोषण निर्मूलन त्यात आहे. संस्थेकडे सीएसआर नोंदणी क्रमांकही हवा. १ एप्रिल २०२१पासून तो बंधनकारक आहे.

खरी कसोटी अंदाजपत्रकाची. डोंगरातल्या पाड्यांपर्यंतचं जीपभाडं, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या स्थानिक कार्यकर्तीचं मानधन, पावसाळ्यात बुडणारे दिवस हे सगळं त्यात स्पष्ट मांडायला हवं. संकोचाने हे आकडे कमी दाखवले, तर मंजूर झालेलं कामही अर्ध्यावर अडतं आणि त्याची झळ पाड्यावरच्या मुलांना बसते.