बरोक चित्रकला : आश्रयदाते, चित्रकार आणि प्रकाश

प्रस्तावना

'बरोक' ही संज्ञा वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आली, असे सामान्यतः मानले जाते. अठराव्या शतकात ती दूषण म्हणून वापरली गेली. पुढे सतराव्या शतकातील युरोपीय कलेचे ते सर्वमान्य नाव ठरले. भव्यता, गतिमानता व अलंकरण ही तिची पाठ्यपुस्तकी लक्षणे वास्तुकलेला चांगली लागू पडतात. चित्रकलेला ती अपुरी पडतात. रोममधील वेदीचित्र आणि डेल्फ्टमधील दूध ओतणारी मोलकरीण यांना एकत्र आणणारे सूत्र म्हणजे नेमका क्षण पकडणे व प्रकाशाने तो घडविणे हे होय. तो क्षण कोणासाठी रंगवायचा, हे मात्र पुष्कळदा आश्रयदात्याने ठरविले.

धर्मपीठ आणि काराव्हाद्जो

प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर देताना कॅथलिक धर्मपीठाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत (१५४५-१५६३) धार्मिक चित्रांचे समर्थन केले. परंतु ती सुबोध व मर्यादशील असावीत, असा दंडकही घातला. काराव्हाद्जो (१५७१-१६१०) याने यातील सुबोधता स्वीकारली. मर्यादेचा प्रश्न मात्र वादग्रस्त ठरला. रोमच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमधील 'संत मॅथ्यूला पाचारण' (१५९९-१६००) या चित्रात जकातवसुली करणारी माणसे अंधाऱ्या खोलीत पैसे मोजत बसली आहेत. उजवीकडून येणाऱ्या तिरप्या प्रकाशझोताबरोबर ख्रिस्ताचा हात पुढे येतो. चमत्कार एवढाच. आकाश नाही, देवदूत नाहीत. मेजाभोवतीच्या माणसांचा पोशाखही चित्रकाराच्या काळातील आहे.

'कुमारी मातेचा मृत्यू' हे चित्र मात्र ज्या कार्मेलाइट चर्चसाठी काढले, त्यानेच नाकारले. सुजलेले शरीर, उघडी पावले आणि स्वर्गारोहणाची कोणतीही खूण नसलेला मृत्यू धर्मगुरूंना रुचला नाही. या चित्राची थोरवी ओळखली ती दुसऱ्या चित्रकाराने. रूबेन्सच्या शिफारशीवरून १६०७ मध्ये मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले. ते रोमबाहेर नेण्यापूर्वी स्थानिक चित्रकारांच्या आग्रहामुळे काही दिवस लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवावे लागले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. काराव्हाद्जो मात्र तोवर रोममध्ये नव्हता. १६०६ मध्ये त्याच्या हातून मनुष्यवध होऊन तो परागंदा झाला होता.

त्याच्या छायाप्रकाशाचा वारसा चालविणाऱ्यांत आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिचे स्थान विशेष आहे. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळविणारी ती पहिली स्त्री. तिच्या 'होलोफर्नीसचा शिरच्छेद करणारी ज्युडिथ' या चित्रातील दासी केवळ साक्षीदार राहत नाही, तर सर्व बळ लावून शत्रूला दाबून धरते.

राजदरबार व नागरी आश्रय

रूबेन्स (१५७७-१६४०) हा चित्रकार तसाच मुत्सद्दीही होता. फ्रान्सच्या राजमाता मारी द मेदिची हिच्या जीवनावरील त्याच्या २४ चित्रांत (१६२२-१६२५) देवदेवतांची गर्दी आहे; राणीच्या कारकिर्दीत गौरवण्याजोगे फारसे नसल्यामुळे ती अपरिहार्यही होती. स्पेनच्या दरबारातील व्हेलास्केथ (१५९९-१६६०) याने 'लास मेनिनास' (१६५६) मध्ये राजा-राणीला मागच्या आरशापुरते ठेवले आणि कुंचला घेतलेल्या स्वतःला पुढे आणले. त्याच्या छातीवरील लाल क्रूस नंतर रंगविलेला असला पाहिजे, कारण सांतियागोचे सरदारपद त्याला १६५९ मध्ये मिळाले.

डच प्रजासत्ताकातील आश्रयदाता होता व्यापारी नागरिक. रेम्ब्रँटचे (१६०६-१६६९) 'नाइट वॉच' (१६४२) हे अॅमस्टरडॅमच्या नागरी रक्षकदलाचे समूहचित्र असून, त्यात झळकणाऱ्यांनी प्रत्येकी सुमारे १०० गिल्डर, चित्रातील जागेनुसार कमी-अधिक, दिले होते. रेम्ब्रँटने त्यांना ओळीने उभे न करता निघण्याच्या धांदलीत रंगविले. चित्राचे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे. प्रसंग दिवसाचा आहे. काळवंडलेल्या व्हार्निशमुळे तो रात्रीचा वाटू लागला. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसावे म्हणून त्याच्या चारही कडा कापल्या गेल्या. हे चित्र नापसंत झाल्याने रेम्ब्रँट दरिद्री झाला, ही अजूनही शिकविली जाणारी कथा पुराव्याला धरून नाही. १६३९ मध्ये १३,००० गिल्डरना घेतलेल्या घराचे कर्ज हे १६५६ च्या दिवाळखोरीचे एक मोठे कारण होते.

व्हरमेर (१६३२-१६७५) याची आज जेमतेम ३५ च्या आसपास चित्रे मानली जातात. 'मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी' हे चित्र १८८१ मध्ये लिलावात अवघ्या दोन गिल्डरना गेले.

भारतीय अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी रेम्ब्रँटची आणखी एक बाजू आहे. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. त्यांपैकी २० हून अधिक उपलब्ध असून काहींत शाहजहान आहे. गडद छायेसाठी विख्यात असलेल्या या चित्रकाराने येथे मोगल चित्रांतील बारीक रेषेचा मान राखला, आणि त्यासाठी मुद्दाम पूर्वेकडून आलेला गुळगुळीत कागद वापरला.