तलंग अंड्यावर येण्यापूर्वी



कोंबडी पाळायला कुणी शिकवावे लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. आम्हीही याच समजुतीत वाढलो. परंतु बँकेत कर्जाच्या टेबलावर बसू लागल्यापासून ही समजूत हळूहळू गळून पडली. बचत गटातील भगिनींचे परसातील कुक्कुटपालनाचे अर्ज आमच्याकडे येतात. त्यांत पिलांची किंमत असते, खाद्याची पोती असतात, जाळी, पत्रे, पाण्याची भांडी, लसीकरण असे सर्व काही असते. अंडी घालण्याच्या खोक्यांची ओळ मात्र क्वचितच आढळते. ज्या अंड्यावर हप्ता फिटायचा, त्या अंड्याच्या जागेचाच विचार राहून जातो. म्हणून या लेखाचा प्रपंच.

प्रथम आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. 2018 च्या जूनमध्ये गावी राहणाऱ्या आमच्या वहिनींनी गिरिराज जातीची चाळीसेक पिले आणली. नर विकून व मेलेली वजा जाता अठरा तलंगा राहिल्या. नोव्हेंबर उजाडला, तुरे लालबुंद झाले, पण खुराड्यात अंडे दिसेना. वहिनींना वाटले, पिलेच खोटी दिली. पंधरा दिवसांनी सरपण काढताना ढिगाखाली सतरा अंडी निघाली. बरीचशी कुजलेली, काही फुटलेली. काही गव्हाणीत सापडली. दोन कोंबड्यांना तर अंडे फोडून खाण्याची चटकच लागली होती. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागला. तो वहिनींनी मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरला. आम्ही बँकेत बसून दुसऱ्यांना हिशेब समजावीत होतो आणि आमच्या घरचा हिशेब सरपणाखाली कुजत होता, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

कोंबडी जागा का शोधते?

अंडे घालताना कोंबडी असहाय असते. म्हणून आडोसा, अंधार आणि बुडाखाली मऊ काहीतरी, या तीन गोष्टी ती शोधते. ही तिची उपजत बुद्धी आहे. आपण जागा दिली नाही तर ती स्वतः शोधते आणि एकदा जागा मनात बसली की सहसा सोडत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत लागलेली सवय पुढे टिकते. याचाच अर्थ असा की, पहिले अंडे दिसल्यावर खोके करायला घेणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारायला घेणे होय.

खोके केव्हा ठेवावे?

पिंजऱ्यात पाळतात त्या संकरित जाती साधारण 18 ते 20 आठवड्यांत अंड्यावर येतात. गिरिराज, वनराज यांना साडेपाच ते सहा महिने लागतात, तर गावरान तलंगेला कधी त्याहून थोडे अधिक. या वेळेच्या आधी किमान दोन-तीन आठवडे खोकी जागेवर असावीत. जूनच्या आरंभी पिले आणली असतील तर दिवाळीच्या सुमारास हे काम उरकून घ्यावे, असा ठोकताळा धरण्यास हरकत नाही.

तलंगही खुणा देते. तुरा व गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या लाल होतात. पाठीवर हात ठेवला की ती पंख किंचित पसरून खाली बसते. कोपरे, टोपल्या, पोत्यांमागची जागा हुंगल्यासारखी पाहत फिरते. या खुणा दिसल्या म्हणजे दिवस थोडे उरले असे समजावे. मानमोडीची या वयात द्यावयाची लसही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून अंड्यावर येण्याच्या आधीच उरकावी. नंतर पकडापकडी केली तर कोंबड्या बिचकतात व अंडी घटतात.

खोके कसे असावे?

यासाठी सुतार बोलवावा असे मुळीच नाही. आंब्याची जुनी लाकडी पेटी आडवी ठेवली तरी काम भागते. लांबी, रुंदी सुमारे 12 इंच आणि उंची 14 इंच एवढी जागा गावरान कोंबडीला पुरते. गिरिराजसारख्या अंगाने भारी कोंबडीसाठी रुंदी 14 इंच ठेवावी. फार मोठे खोके करू नये, कारण दोघी एकदम शिरतात आणि अंडी फुटतात. चार ते पाच कोंबड्यांमागे एक खोके, हे प्रमाण लक्षात ठेवावे. अठरा तलंगांना चार खोकी पुरेशी होतात.

समोरच्या बाजूस तळाशी चार-पाच इंच उंचीची फळी आडवी ठोकावी, म्हणजे अंथरूण आणि अंडी बाहेर घरंगळत नाहीत. वरचे छप्पर उतरते ठेवावे, नाहीतर कोंबड्या त्यावर बसून घाण करतात. खोके जमिनीपासून एक ते दीड फूट उंच असावे व पुढे चढण्यासाठी काठी बसवावी. एक गोष्ट विसरू नये. रात्री बसण्याची दांडी खोक्यापेक्षा उंच असली पाहिजे. कोंबडी रात्री उंच जागा धरते. खोकेच उंच असेल तर ती त्यातच झोपेल आणि सकाळी अंडे विष्ठेवर पडेल.

तेलाचा पत्र्याचा डबा कापून वापरणारेही आहेत. तो धुवायला सोपा, हे खरे. परंतु विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो. वापरायचाच असेल तर सावलीत ठेवून वर ओले पोते टाकावे, आणि कापलेल्या कडा आत वळवून ठोकून घ्याव्यात.

अंथरूण आणि अंधार

भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा कोरडे बारीक गवत, दोन-तीन इंच जाडीचे अंथरावे. ओले किंवा बुरशी लागलेले अंथरूण कधीही घालू नये. ती बुरशी श्वासावाटे कोंबडीच्या फुप्फुसात जाते. अंडे बाहेर पडते तेव्हा त्यावर ओलसर पातळ थर असतो. तो लगेच वाळतो आणि कवचावरची बारीक छिद्रे झाकतो. अंडे घाणीत पडले तर तो थर वाळण्याआधीच घाण आत शिरते. म्हणूनच खोके स्वच्छ ठेवणे म्हणजे अंडे टिकाऊ करणे होय. याच कारणाने थोडे मळलेले अंडे धुऊ नये, कोरड्या फडक्याने पुसावे.

खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे किंवा तोंडावर जुन्या गोणपाटाचा अर्धा पडदा सोडावा. अंडे घालताना कोंबडीचे गुदद्वार क्षणभर बाहेर येते व लाल दिसते. उजेडात इतर कोंबड्या तेथे चोच मारतात, रक्त येते, आणि एकदा रक्ताची चव लागली की हे थांबवणे फार कठीण जाते. एक पडदा यापासून वाचवतो.

लाकडाच्या फटींत बारीक लाल गोचीड दिवसा लपतात व रात्री रक्त पितात. म्हणून जुन्या पेटीला प्रथम कडक ऊन द्यावे, फटींना चुना फासावा आणि अंथरूण नियमित बदलावे.

तलंगेला सवय लावणे

प्रत्येक खोक्यात एक खोटे अंडे ठेवावे. लाकडाचे, मातीचे किंवा अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा गोटा चालतो. तो पाहून तलंगेला ही जागा सुरक्षित वाटते. पहिले काही दिवस सकाळी कोपरे, सरपण, गव्हाणी तपासाव्यात. बाहेर घातलेले अंडे ताबडतोब उचलावे, कारण ते इतर कोंबड्यांनाही तेथेच बोलावते. बाहेर बसू पाहणारी तलंग अलगद उचलून खोक्यात ठेवावी. ओरडू नये, पळवू नये.

एक अंडे तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले सुमारे 20 तास एकट्या कवचाला लागतात. म्हणून अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एखादा दिवस खाडा पडतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिली अंडी लहान असतात, एखादे बिनकवचाचे येते, एखाद्यावर रक्ताची रेघ असते. हेही बहुधा काही दिवसांत थांबते.

कवचासाठी चुना लागतो. अंडी सुरू होताच शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. मात्र वाढत्या तलंगांना अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य फार आधीपासून घालू नये, जादा चुन्याने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. बहुतेक अंडी दुपारच्या आत पडतात. तेव्हा सकाळी दोनदा व दुपारी एकदा अंडी गोळा करावीत. पडून राहिलेले अंडे फुटते, आणि फुटलेले अंडे म्हणजे अंडी खाण्याची पहिली शाळा!

गावरान कोंबडी खुडूक झाली तर खोके अडवून बसते. पिले हवी असल्यास तिला वेगळ्या टोपलीत दहा-बारा अंड्यांवर बसवावे, 21 दिवसांत पिले निघतात. नको असल्यास तीन-चार दिवस हवेशीर जागी खोक्यापासून दूर ठेवावे, दाणापाणी मात्र द्यावे.

शेवटी थोडा हिशेब

गिरिराज कोंबडी वर्षाला साधारण सव्वाशे ते दीडशे अंडी देते असे धरले, तर अठरा कोंबड्यांची सव्वादोन हजारांहून अधिक होतात. दहातले एक जरी सरपणाखाली गेले, तरी सव्वादोनशे अंडी गेली. चार जुन्या पेट्या आणि दोन पाट्या तूस यांच्या किमतीशी याची तुलना वाचकांनीच करावी.

वहिनींनी पुढे चार आंब्याच्या पेट्या लावल्या. सगळ्या कोंबड्या लगेच शहाण्या झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. दोघी शेवटपर्यंत गव्हाणीतच बसल्या. परंतु त्यानंतरचे हप्ते अंड्यांच्या पैशांतून गेले आणि फीचे पैसे फीलाच राहिले. आता बचत गटाचा अर्ज टेबलावर आला की आम्ही एक प्रश्न आवर्जून विचारतो: "ताई, कोंबड्या अंडी कुठे घालणार?" बहुतेक वेळा समोरची भगिनी हसते, मग थांबून विचार करते. आपणही पिले आणण्याआधी तेवढा विचार करावा, एवढीच या निमित्ताने विनंती.