उन्हाळ्यातले पाच गिगाहर्ट्झ

डिसेंबर 2022 मध्ये इंटेलच्या कोअर आय-9 13900के या प्रोसेसरने 9 गिगाहर्ट्झची पायरी ओलांडली. त्यासाठी त्यावर द्रवरूप हेलियम ओतावा लागला होता. आमच्या संपादकांना त्या विक्रमापेक्षा वेगळं काही हवं होतं: रोजच्या पोटापाण्याच्या कामासाठी प्रोसेसर कोण पळवतं? म्हणून मी सेनगावला गेले.

बसस्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट होतात. स्टुडिओ चालवणारा तरुण कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवतो. ही खटपट जुनीच. 1998 मध्ये 300 मेगाहर्ट्झचा सेलेरॉन 300ए मदरबोर्डवरच्या बसचा वेग 66 वरून 100 वर नेला की 450 वर पळायचा, आणि गरिबांचं यंत्र श्रीमंतांच्या बरोबरीला यायचं. इथला आय-7 8700के 2017 चा, जुन्या बाजारात घेतलेला. सहाही कोअर कामाला लागले की तो मूळचा 4.3 गिगाहर्ट्झवर चालतो. बायोसमध्ये मल्टिप्लायर 50 केला की 5.0.

"वेग वाढवायला दोन मिनिटं लागतात सर, टिकवायलाच सगळा वेळ जातो," तो म्हणाला. खरी गोष्ट इथेच आहे.

वेग वाढला की प्रत्येक ठोक्यात सिग्नलला पोचायला कमी वेळ उरतो. तो वेळेत पोचला नाही की 1 च्या जागी 0 वाचला जातो. सिग्नल लवकर पोचावा म्हणून व्होल्टेज वाढवायचं, आणि उष्णता वेगाच्या पटीत, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. 4.3 वरून 5.0 वर जाताना 1.20 चे 1.35 व्होल्ट केले, तर वेग 16 टक्के वाढतो आणि उष्णता जवळपास दीडपट होते. तासाभराच्या रेंडरमध्ये फार तर आठ मिनिटं वाचतात. सीझनमध्ये एकामागून एक लग्नं असतात, तेव्हा ती आठ मिनिटंही मोलाची.

या चिपची आणखी एक अडचण आहे. वरचं धातूचं झाकण आणि आतली सिलिकॉनची चकती यांच्यामध्ये सोल्डर नाही, साधी थर्मल पेस्ट आहे. त्याने झाकण उघडून जुनी पेस्ट काढली, लिक्विड मेटल लावलं आणि झाकण पुन्हा चिकटवलं. वॉरंटी केव्हाच संपली होती, तरी हात थरथरत होते म्हणाला. मला ते ऐकूनच धडधडलं, कारण थेंबभर धातू बाजूच्या पिनांवर गेला तर बोर्डच जातो.

मग चाचणी. त्यासाठी तो प्राइम95 हा प्रोग्राम वापरतो. जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 मध्ये मोठ्या अविभाज्य संख्या शोधायला तो लिहिला. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी अवघड गणितं हा प्रोग्राम प्रोसेसरला घालतो. एक उत्तर चुकलं की ती सेटिंग बाद. रात्रभर चालून सकाळी एकही चूक नसेल, तरच तो पुढे जातो.

पण ती रात्र जानेवारीची असते आणि लग्नं एप्रिल-मेमध्ये. खोलीत 25 अंश असताना 80 वर राहणारी चिप, खोली 42 ला गेली की 97 च्या घरात जाते. 100 अंशांना प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे मिळवलेलं गेलंच. त्यात दुपारी लाइट कमी-जास्त होते, पंख्याच्या जाळीत धूळ बसते.

निळा स्क्रीन आला तर तो सुटल्यासारखं मानतो, कारण बिघाड दिसला तरी. हँग न होता झालेल्या चुकीची मला जास्त भीती वाटली. एक बिट उलटला, सप्तपदीच्या फ्रेममध्ये हिरवे चौकोन उमटले, आणि ते पेनड्राइव्ह देऊन झाल्यावर कळलं तर? 2024 मध्ये इंटेललाही आपल्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल मान्य करावं लागलं की जास्तीच्या व्होल्टेजने ते अस्थिर होत आहेत. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आणि त्या चिप ग्राहकांनी स्वतःहून पळवलेल्याच होत्या असं नाही.

होळी झाली की तो बायोसमधलं दुसरं प्रोफाइल लावतो: 4.7 गिगाहर्ट्झ, 1.25 व्होल्ट. 5.0 वर काम घ्यायचंच असेल तर रात्री, कूलर लावून, आणि मूळ फुटेज दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्यानंतरच.